पडदे नसलेल्या वाद्याची शिकवणी

‘‘डॉक्टर, ट्यूनरवर हिरवा दिवा लागतो, तरी सर म्हणतात गांधार चढा आहे. आता खरं कोणाचं मानायचं?’’

शारजा-दुबईतल्या मराठी घरांत हा प्रश्न मला आजवर चार-पाच पालकांनी विचारला आहे. इथल्या शाळांमुळे आपल्या बऱ्याच मुलांच्या हातात सहाव्या-सातव्या वर्षी व्हायोलिन येतं. पुढे कधीतरी आजी-आजोबा भारतातून येतात, ‘‘एखादा अभंग वाजव की रे’’ म्हणतात, आणि मग हिंदुस्थानी संगीताचा शिक्षक शोधायला सुरुवात होते. शिक्षक मिळाला की वरचा प्रश्न येतोच. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, तो सहसा कोणी तोंडाने विचारत नाही. चूक दाखवणारं यंत्र मोबाईलमध्ये आहे, धडे इंटरनेटवर पाहिजेत तेवढे आहेत, मग दर आठवड्याला फी भरून आणि शनिवारची सकाळ खर्चून गुरूसमोर बसायचं ते कशासाठी?

मी संगीतज्ञ नव्हे. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एम.बी.बी.एस. करत असताना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणाऱ्या मैफली ऐकल्या, सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर तासन्‌तास पाहिले, आणि कान थोडा तयार झाला. आता हमरिया फ्री झोनमधल्या कामगारांची तपासणी हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. मुंबईच्या एका गुरूंकडे मी गेली काही वर्षं व्हायोलिन शिकतो आहे. वर्षातून एकदा रजेवर गेलो की समोर बसून, एरवी संगणकाच्या पडद्यावरून. म्हणून हा लेख डॉक्टर आणि विद्यार्थी अशा दोन्ही नात्यांनी लिहीत आहे.

हिरवा दिवा आणि स्वयंभू गांधार

पेटीला पट्ट्या असतात, सतारीला पडदे असतात. व्हायोलिनच्या काळ्या पट्टीवर काहीच नसतं. पूर्ण आकाराच्या व्हायोलिनची वाजणारी तार साधारण साडेबत्तीस सेंटिमीटर लांब असते. मोकळी तार ‘सा’ धरली, तर शुद्ध गांधार तिच्या बरोबर एक पंचमांश अंतरावर, म्हणजे साडेसहा सेंटिमीटरवर येतो. बहुतेक ट्यूनर ज्या समविभागी सप्तकावर चालतात, त्यातला गांधार ६.७ सेंटिमीटरवर. दोघांत दोन मिलिमीटरचं अंतर. ॲपचा हिरवा दिवा या दुसऱ्या जागेवर लागतो. गुरुजींच्या मागे वाजत असतो तंबोरा, आणि खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा जो स्वयंभू गांधार, तो असतो पहिल्या जागेवर. तेव्हा दोघेही खरं बोलत असतात. फक्त ॲप पियानोच्या बाजूने बोलतं आणि सर तंबोऱ्याच्या.

बोटाच्या टोकाची रुंदी दीड सेंटिमीटरच्या आसपास. तिच्यापुढे दोन मिलिमीटर म्हणजे बोट उचलून दुसरीकडे ठेवण्याइतकंही अंतर नाही, बोटाची गादी किंचित पुढे-मागे कलली की झालं. वैद्यकशास्त्राच्या पहिल्या वर्षी आम्ही एक प्रयोग करायचो. कंपासची दोन टोकं त्वचेवर टेकवायची आणि ती दोन आहेत की एक, हे डोळे मिटून ओळखायचं. बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरवरची टोकं वेगळी कळतात, पाठीवर तीच काही सेंटिमीटर लांब न्यावी लागतात. म्हणजे बोटाकडे बारकाईची ताकद आहे, पण गांधार कुठे आहे हे बोटाला ठाऊक नसतं. ते कानाने सांगावं लागतं, आणि कानाला कोणीतरी आधी सांगावं लागतं.

मेंदू हे शिकतो याचा पुरावा आहे. १९९५ साली थॉमस एल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात तंतुवाद्य वाजवणाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना मेंदूच्या संवेदनपटलावर इतरांपेक्षा जास्त जागा मिळालेली दिसली, आणि ज्यांनी लहान वयात सुरुवात केली होती त्यांच्यात ती अधिक होती. हे वाचून पालक खूश होतात. मी मात्र लगेच सांगतो, की मेंदू जे रोज करतो तेच पक्कं करतो. रोज दोन मिलिमीटर चढा गांधार वाजवला, तर तोही तितक्याच इमानाने पक्का होतो.

मग मुलाला स्वतःला ऐकू येत नाही का? येतं, पण वेगळं. पाश्चात्त्य पद्धतीत व्हायोलिन हनुवटी आणि खांदा यांच्यात धरतात, त्यामुळे आवाजाचा काही भाग जबड्याच्या हाडातून थेट आतल्या कानात पोचतो, आणि डावा कान तर वाद्याला चिकटलेलाच असतो. समोर सहा फुटांवर बसलेल्याला जे ऐकू येतं, ते वाजवणाऱ्याला कधीच तसं ऐकू येत नाही. आपलाच आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकला की परका वाटतो ना, तोच प्रकार. त्यात भर म्हणजे वाजवताना निम्मं लक्ष पुढच्या जागेकडे धावत असतं. समोर बसलेल्या गुरूचं पहिलं काम हेच, की विद्यार्थ्याला न ऐकू येणारं वादन ऐकायचं आणि त्यातली एकच गोष्ट निवडून त्याला सांगायची. एकच. दहा चुका दाखवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांचे खांदे कानापर्यंत चढलेले असतात.

आमच्या सरांची एक युक्ती इथे देतो, ती घरी करून पाहता येईल. एखाद्या तारेवर बोट ठेवून असा स्वर वाजवायचा, की ज्याचं सप्तक शेजारच्या मोकळ्या तारेत आहे. बोट अचूक जागी पडलं तर ती शेजारची तार, गजाने स्पर्शही न करता, आपोआप थरथरते आणि वाद्याचा आवाज एकदम खुलतो. केसभर चुकलं तर आवाज डबी बंद केल्यासारखा होतो. दोन स्वर जवळजवळ जुळले पण पूर्ण जुळले नाहीत, तर हेलकावे ऐकू येतात. ४४० आणि ४४२ कंपनांचे दोन स्वर एकत्र वाजले की सेकंदाला दोन. हेलकावे मंद होत होत थांबले, की सूर लागला. यात डोळ्यांना काही काम नाही, आणि तेच बरं. ट्यूनरकडे पाहणारं मूल डोळ्याने वाजवायला शिकतं. मोकळ्या तारा मिळवण्यापुरता ट्यूनर ठेवावा आणि मग तो बंद करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

उजवा हात

लोक डाव्या हाताकडे पाहतात, कारण बोटं तिथे नाचतात. गुरू उजव्या हाताकडे पाहतो. वर्गात ‘बो’ म्हणतात, मी आपला जुना ‘गज’ शब्द वापरतो. गजाच्या केसांना राळ लावलेली असते. राळेमुळे केस तारेला पकडतात, ओढतात, तार निसटते, पुन्हा पकडतात. पांढरी दोनमध्ये लावलेल्या ‘सा’च्या तारेवर ही पकड-सूट सेकंदाला सुमारे २९४ वेळा होते. हर्मन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने, जो स्वतः डॉक्टर होता, एकोणिसाव्या शतकात तारेची ही हालचाल दाखवून दिली.

गजाकडे तीन गोष्टी असतात: वेग, भार, आणि घोडीपासूनचं अंतर. या तिघींचा मेळ जमला तर स्वर, नाहीतर करकर किंवा शिट्टी. जॉन शेलेंग यांनी १९७३ साली याचा आलेख मांडला. गज घोडीच्या जितका जवळ जाईल तितका भार जास्त लागतो, आणि कमीत कमी व जास्तीत जास्त भार यांमधली मोकळीक तितकी अरुंद होत जाते. म्हणून घोडीजवळ आवाज तेजस्वी येतो, पण चुकीला जागा उरत नाही. पट्टीच्या बाजूला गज गेला की आवाज मऊ, थोडा धुरकट.

हे पुस्तकात वाचून मला कळलं होतं, पण उमगलं ते दवाखान्यात. हमरिया फ्री झोन १९९५ साली उभा राहिला. शारजाच्या किनाऱ्यावर बंदराला लागून कारखाने, गोदामं आणि पोलादी कामाचे यार्ड पसरले आहेत. तिथले वेल्डर वार्षिक तपासणीला येतात. एकदा एका ज्येष्ठ कारागिराच्या हाताची थरथर तपासत होतो. थरथर नव्हतीच, हात देवळातल्या समईच्या ज्योतीसारखा स्थिर. मी कौतुकाने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, ‘‘साब, हाथ को दबाना नहीं, चलाना है.’’ मग त्याने टेबलावरचं पेन घेऊन दाखवलं. हात पुढे नेण्याचा वेग, धातूपासूनचं अंतर आणि कोन, हे तिन्ही सारखे राहिले तर सांध्याची रेघ एकसारखी येते. वेग अडखळला की तिथे गाठ, पळाला की रेघ पातळ. नव्या पोराला तो आधी नुसत्या लोखंडी पट्टीवर सरळ रेघा मारायला लावतो, महिनाभर.

नेमका हाच धडा आमच्या सरांचा. नुसती मोकळी तार. आठ सेकंदांत गज मुळापासून टोकापर्यंत, मग बारा सेकंदांत, मग सोळा. मधे आवाज फुगता कामा नये, टोकाला पडता कामा नये. गजाचं मूळ जड आणि टोक हलकं, त्यामुळे टोकाकडे जाताना तर्जनीने भार थोडा थोडा द्यावा लागतो आणि परतताना करंगळीने तो उचलून धरावा लागतो. शरीरशास्त्राच्या भाषेत हे काम अंगठा आणि चार बोटं यांच्यातल्या तराजूचं आहे, खांद्याचं नव्हे. अंगठा ताठ झाला की तळव्याचे छोटे स्नायू आखडतात, मग मनगट, मग कोपर. गुरू अंगठ्याच्या सांध्याला नुसतं बोट लावतो आणि आवाज बदलतो. ही गोष्ट लिहून किंवा चित्र काढून सांगता येत नाही.

आणि मग गाणं

इथपर्यंतचं सगळं तंत्र. पण तंत्र आधी आणि भाव नंतर असा काही क्रम नसतो, हे आपल्या मराठी व्हायोलिनवादकांनी करून दाखवलेलं आहे. या मंडळींची नावं आपल्या परदेशातल्या मुलांना माहीत नाहीत, म्हणून थोडं विस्ताराने.

पं. गजाननराव जोशी (१९११–१९८७) हे गायक आणि व्हायोलिनवादक अशा दोन्ही रूपांत मोठे. वडील अंतूबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. त्यांच्याकडून ग्वाल्हेरची गायकी आली, पुढे भूर्जी खाँसाहेबांकडून जयपूरची आणि विलायत हुसेन खाँसाहेबांकडून आग्र्याची. आज ज्यांना आपण ऐकतो ते पं. उल्हास कशाळकर हे त्यांचे शिष्य. ज्या माणसाच्या गळ्यात तीन घराणी आहेत, त्याच्या हातात गज आला की गजाला गाण्यावाचून दुसरं काही सुचणारच नाही.

पं. डी. के. दातार (१९३२–२०१८) यांचं व्हायोलिनचं शिक्षण विघ्नेश्वर शास्त्रींकडे झालं. पण त्यांची खरी शाळा मला वाटते ती संगतीची. पं. द. वि. पलुस्करांच्या मैफलींत ते साथीला बसत. पलुस्कर १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले, तेव्हा दातार तेवीस वर्षांचे होते. म्हणजे हे सगळं शिक्षण ऐन घडण्याच्या वयात झालं. गायनाच्या साथीत व्हायोलिनवाल्याला क्षणभर मागे राहून गायकाचा स्वर उचलायचा असतो. गायक श्वास कुठे घेतो, शब्द कुठे सोडतो, कोणता स्वर नुसता शिवून जातो आणि कोणत्यावर बसतो, हे सगळं हातात उतरवायला फक्त अर्धा सेकंद मिळतो. असा सराव वर्षानुवर्षं झाला की एकल वादनातही तो श्वास राहतो. दातारांचं ध्वनिमुद्रण मुलांना ऐकवा आणि गज कुठे वळतो तिकडे लक्ष द्यायला सांगा. वळण ऐकूच येत नाही.

हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने बनारसला घडली. एन. राजम यांना पं. ओंकारनाथ ठाकुरांकडे गायकी अंगाची तालीम मिळाली. ओंकारनाथजी विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य आणि द. वि. पलुस्कर त्यांचे चिरंजीव. म्हणजे गाणाऱ्या व्हायोलिनच्या या दोन्ही वाटा शेवटी एकाच दारात पोचतात, आणि ते दार गायनाचं आहे.

प्रभाकर जोगांना (१९३२–२०२१) तर आपण सगळे ओळखतोच, निदान माझ्या पिढीचे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, त्यात सुधीर फडक्यांच्या साथीला त्यांचं व्हायोलिन होतं. पुढे ‘गाणारं व्हायोलिन’ या नावाने त्यांनी भावगीतं वाजवली, तेव्हा लोक म्हणत की शब्द ऐकू येतात. याला चमत्कार म्हणायचं कारण नाही. शब्दातल्या प्रत्येक अक्षराला गज कसा लावायचा, जोडाक्षराला किती झटका, अनुस्वाराला किती रेंगाळणं, याचा तो काटेकोर हिशोब आहे.

गायकी हीच एक वाट, असंही समजू नये. पं. वि. गो. जोग (१९२२–२००४) यांचा गज लयीशी खेळणारा. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईबरोबरच्या त्यांच्या जुगलबंदीत छोटे छोटे तुटक गज, तिहाया, सवाल-जवाब असा मामला असतो. माझा ओढा दातारांकडे आहे, पण माझ्या मुलाला जोग आवडतात आणि त्यात काही गैर नाही.

तर वर्गात हे कसं शिकवतात? आमच्या सरांचा नियम असा, की जे गाता येत नाही ते वाजवायचं नाही. भूपातली एवढीशी संगती घ्या: ग, रे, सा, खालचा ध, सा. आधी व्हायोलिन मांडीवर ठेवून गायची. आवाज चांगला असण्याची अट नाही. माझा तर दवाखान्यातल्या जुन्या पंख्यासारखा आहे. पण गाताना कळतं, की खालच्या धैवतावर पोचताना आपण सरळ उडी मारत नाही, घसरत जातो, आणि परत ‘सा’वर येताना थोडा श्वास धरतो. मग तेच वाजवायचं. आता गज मधेच वळला तर शब्द मधेच तुटल्यासारखा होतो, म्हणून गज आधीच राखून ठेवावा लागतो. डावं बोट तारेवरून घसरतं तेव्हा भार हलका करावा लागतो, नाहीतर मांजर ओरडते. बोट पोचण्याच्या क्षणी भार परत द्यावा लागतो. म्हणजे ‘भाव’ म्हणून जे मागितलं, त्याने उजव्या हाताचं तंत्र आपोआप ठरवलं. नुसते पलटे वर्षभर घोटले असते तरी हे हाताला कळलं नसतं. पलटे नकोत असं मी म्हणत नाही, पण पलट्याच्या आधी आणि नंतर एक ओळ गाण्याची असावी.

इथल्या मुलांचा प्रश्न

आपल्या मुलांची सुरुवात बहुधा पाश्चात्त्य पद्धतीने झालेली असते. ए.बी.आर.एस.एम.च्या आठ ग्रेड असतात, आणि पाचवी-सहावी गाठलेलं मूल हिंदुस्थानी गुरूकडे गेलं की घरात कुरबुर होते. आता सगळं विसरायचं का? ग्रेडचं काय? मांडी घालून बसायला लावतात, गुडघे दुखतात म्हणतो.

विसरायचं काही नाही. मिलिंद रायकरांचं उदाहरण पाहा. गोव्यात त्यांची सुरुवात पाश्चात्त्य व्हायोलिनने झाली. पुढे ते दातारांकडे शिकले, नंतर किशोरीताई आमोणकरांकडे गायकी शिकले आणि त्यांच्या साथीला बसले. पाश्चात्त्य शिक्षणात गजाची जी शिस्त मिळते, ती सोन्यासारखी आहे, ती जपावी. बदल करायचा तो मुख्यतः दोन ठिकाणी.

पहिला, वाद्य धरण्याचा. हिंदुस्थानी बैठकीत वाद्याचं डोकं उजव्या पायाच्या घोट्याजवळ टेकतं आणि दुसरी बाजू डाव्या छातीला. त्यामुळे डाव्या हाताला वाद्य पेलायचं काम उरत नाही, आणि एक-दोन बोटांवर लांब मींड घेता येते. पाश्चात्त्य पद्धतीत प्रत्येक स्वराला बहुधा स्वतंत्र बोट असतं, इथे बोट स्वरांमधून प्रवास करतं. सुरुवातीला मुलाला आवाज लांब गेल्यासारखा वाटतो, कारण जबड्याचं हाड मधून निघून गेलेलं असतं. दोन-तीन आठवड्यांत कानाला सवय होते. ज्यांना मांडी घालून बसणं जमत नाही, आणि पन्नाशीनंतर आमच्यासारख्या अनेकांना जमत नाही, त्यांनी बैठकीखाली उशी घेऊन ढुंगण गुडघ्यांपेक्षा उंच ठेवावं. कंबर आणि गुडघे दोन्ही आभार मानतील.

दुसरा बदल कंपाचा. व्हिब्रॅटो शिकलेलं मूल प्रत्येक लांब स्वर हलवतं. आपल्याकडे ‘सा’ आणि ‘प’ निश्चल हवेत. हलवायचा तो स्वर रागाने ठरवून दिलेला असतो. दरबारीचा कोमल गांधार मंद आंदोलनाने झुलतो, आणि तो झोका खालच्या बाजूने येतो. मुलाला ‘‘व्हिब्रॅटो बंद कर’’ म्हटलं तर हात आखडतो. ‘‘सा गाऊन दाखव’’ म्हटलं तर आवाज आपोआप सरळ लागतो आणि मग हातही. किशोरवयीन मुलं हे फार चटकन पकडतात. दोन्ही पद्धती एकाच आठवड्यात चालवणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचा गोंधळ होत नाही, आपला होतो.

दुखण्याबद्दल डॉक्टर म्हणून चार शब्द सांगणं माझं कर्तव्य आहे. सरावानंतर थोडी थकावट ठीक. पण डाव्या करंगळीला आणि अनामिकेला मुंग्या येत असतील तर वाजवणं थांबवावं. कोपर आपटल्यावर जी नस झिणझिणते, तीच, सतत वाकवलेल्या कोपरात ताणली जाते. मुंग्या आठवडाभर टिकल्या किंवा पकड कमी झाली तर डॉक्टरांना दाखवावं, ‘सरावाने जाईल’ म्हणू नये. मानेवर हनुवटीच्या खाली काळसर डाग पडतो तो घर्षणाचा. खाज आणि पुरळ असेल तर हनुवटीच्या आधाराच्या धातूतल्या निकेलची ॲलर्जी असू शकते, मधे सुती रुमाल ठेवून पाहावा. आणि सलग दोन तासांपेक्षा पंचवीस मिनिटांचे तीन तुकडे केव्हाही बरे. दुखणं मात्र गुरूला आधी सांगा. दहांतल्या सहा वेळा औषध माझ्याकडे नसतं, त्याच्याकडे असतं. अंगठा सैल केला की खांदा उतरतो.

इथल्या हवेचंही सांगायला हवं. वाद्याचे सांधे सरसाने जोडलेले असतात आणि उष्णतेने सरस मऊ होतो. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हात उभ्या गाडीत व्हायोलिन दहा मिनिटंही ठेवू नये, सांधा उकलतो आणि राळ वितळून केसला चिकटते. बाहेर समुद्राची दमट हवा आणि आत एसीची कोरडी, यामुळे खुंट्या कधी घट्ट तर कधी सैल होतात. वाद्य घरात आणल्यावर पंधरा मिनिटं पेटीतच राहू द्यावं आणि मग तारा मिळवाव्यात.

राहता राहिली संगणकावरची शिकवणी. गुरू भारतात आणि आपण इथे, बऱ्याच घरांत हाच मार्ग आहे. त्यात एक तांत्रिक अडचण असते, ती पुष्कळांना माहीत नसते. व्हिडिओ कॉलची बरीचशी सॉफ्टवेअर माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असतात. लांब धरलेला व्हायोलिनचा स्वर त्यांना पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तो दाबून टाकतात. शिवाय हळू आवाज मोठा आणि मोठा आवाज हळू करून सगळं सपाट करतात. म्हणजे गजाचा भार वाढला की कमी झाला, हे गुरूला कळायचा मार्गच बंद. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय आहे, ती सुरू करावी आणि आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करावी. मायक्रोफोन वाद्यापासून चार-पाच फूट लांब ठेवावा आणि कॅमेरा उजव्या बाजूने, म्हणजे गज घोडीशी काटकोनात चालतो की नाही ते दिसेल. दोघांनी एकत्र वाजवण्याचा प्रयत्न करू नये, आवाज पोचायला उशीर होतो आणि विद्यार्थी नकळत लय ओढायला लागतो.

आमच्या सरांनी याला एक जोड दिली आहे. शिकवणीच्या आदल्या दिवशी पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण वेगळं करून पाठवायचं, फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून. सुरुवातीचे दहा सेकंद नुसता तंबोरा, मग गाऊन दाखवलेली एक ओळ, मग तीच ओळ व्हायोलिनवर. संपादन करायचं नाही, सर्वांत चांगलं निवडून पाठवायचं नाही, पहिलं जे झालं तेच. उत्तर बहुधा एका ओळीचं येतं. मागच्या खेपेचं होतं, ‘दुसऱ्या मिनिटाला रे वरून ग कडे जाताना गज पाहा.’ ते आठ दिवस त्या एका वाटेवर गेले.